आतली कड

दादा तुरुंगातून सुटून आला तेव्हा वहिनीच्या सांडशीत लोखंड लाल होतं. लाल लोखंड सोडून लोहाराच्या घरात कोणी उठत नाही, मग दारात राजा येवो नाहीतर नवरा. मी भात्यावर बसले होते. उंबऱ्यावर सावली पडली म्हणून मान वळवली, तर एक वाळका माणूस भिंतीला हात टेकून उभा. आधी वाटलं, कोणी वाटसरू पाणी मागायला आलाय. मग तो खाकरला आणि मी ओळखलं. तसं खाकरायची सवय आमच्या घरात एकालाच होती, भाषणाला उभं राहण्याआधी.

"वहिनी, दादा आलाय," मी म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. ऐरणीवर अर्धी वाकवलेली कडी होती. ती कडी म्हणजे बेडी होती, सरकारची, चौकीच्या जमादारानं दिलेल्या लोखंडाची. वहिनीनं हातोडा उचलला आणि वाकवलेलं लोखंड घाव घालून पुन्हा पट्टीसारखं सरळ केलं. तोवर मी उठून कोपऱ्यातल्या मालावर कोळशाचं रिकामं पोतं ओढलं.

मग ती उठली. "या," म्हणाली. एवढ्या दिवसांनी नवरा दिसला आणि तोंडातून निघालं काय, तर 'या'. पाहुण्याला म्हणतात तसं.

"काम चाललंय वाटतं," दादा म्हणाला.

"चाललंय कसलं, खुरपं आहे एक."

मी बादलीभर पाणी आणलं. तो ओट्यावर बसून पाय धुवायला लागला. हाडांवर नुसती कातडी राहिली होती. उजवा खांदा खाली उतरलेला, हात वर जायचा नाही. तिथे दगड फोडायला लावत होते म्हणे. घोट्यांभोवती काळे पट्टे पडले होते, पण जखम नव्हती. मी मनात म्हटलं, चला, निदान पायाला तरी मेल्यांनी दया दाखवली.

आता ही बेड्यांची भानगड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचा दादा लोहार, पण गाव त्याला पुढारी म्हणायचं. अर्धे कौतुकानं, अर्धे खवचटपणानं. परक्यांचं राज्य जावं हे त्याच्या डोक्यात होतंच, वर आणखी एक खूळ. राज्य गेलं आणि आपण असेच राहिलो तर काय उपयोग, म्हणायचा. आमच्या भट्टीत लोखंडाला पाणी द्यायच्या दोन कुंड्या होत्या. आतली दगडी, ती गावाची. बाहेर फुटक्या काठाची मातीची, ती नदीपलीकडच्या वस्तीची. पलीकडच्याचा विळा गावाच्या पाण्यात बुडवायचा नाही, असं आजोबांच्या आजोबांपासून चाललेलं. एक दिवस दादानं बाहेरची कुंडी घणानं फोडली, पलीकडच्या एका म्हाताऱ्याला आत भट्टीपाशी बसवलं आणि त्याचा विळा दगडी कुंडीत बुडवला. चर्र आवाज झाला, बस. आभाळ काही कोसळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गावाचं लोखंड यायचं बंद झालं. टेकडीमागे दुसरा लोहार होता, लोक पायपीट करून तिकडे जायला लागले. पुढे दादानं मोर्चा नेऊन चौकीवरचा झेंडा उतरवला आणि सरकारनं त्याला उचललं. मागे राहिलो आम्ही दोघी आणि थंड भट्टी. वहिनी त्याची बायको, मी त्याची विधवा बहीण.

पलीकडची वस्ती काम द्यायची, पण त्यांच्याकडे लोखंडच किती असणार! तिथली एक कोळसेवाली म्हातारी तेवढी रोज सकाळी पाटीभर कोळसा टाकून जायची. तिचा मुलगा दादाबरोबर मोर्चात होता, तोही आत गेलेला. कोळसा होता पण तापवायला काही नव्हतं. मग जमादार आला. बेड्या करून देता का, विचारायला लागला. वहिनीनं हाकलला. पुन्हा आला, पुन्हा हाकलला. नंतर एक दिवस भात्यावरून उठताना मला भोवळ आली आणि ऐरणीवर कपाळमोक्ष होता होता राहिला. पोटात दोन दिवस धड काही नव्हतं, दुसरं काय? वहिनीनं मला भिंतीशी बसवलं, तोंडावर पाणी मारलं आणि स्वतःच्या पायानं चौकीवर गेली. येताना डोक्यावर लोखंड घेऊन आली. माझ्याशी चार दिवस बोलली नाही, जसं काही मीच मुद्दाम पडले होते.

त्यातही तिचा हट्ट काय, तर प्रत्येक कडीची आतली कड कानशीनं घासायची. ही आमच्या वडिलांची शिकवण. बादलीची कडी असो नाहीतर जनावराची साखळी, जिथे कातडीला लोखंड लागणार तिथे धार राहता कामा नये. त्याचे कोणी जास्त देत नाही, म्हणून दुसरा लोहार ते करत नाही. जमादार हसायचा. "बाई, कैद्याच्या पायाचे एवढे लाड?" ती घासत बसायची.

आता दादा घरी आला आणि आमच्या दोघींच्या जिवाला घोर लागला. कारण मामाचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. मामानं चौकीच्या घोड्यांना नाल ठोकले. एवढंच केलं होतं बिचाऱ्यानं. दादानं त्याच्या घराची पायरी चढणं सोडलं. ज्या मामानं त्याला खांद्यावर नाचवलं, तो गेला तेव्हा दादा त्याच्या अंत्ययात्रेलाही गेला नाही. मामी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. मी पाहिलंय. नालांसाठी मामाला टाकणारा माणूस बेड्यांसाठी बायकोला काय करील, हे कोणी सांगायला नको होतं.

"मी सांगून टाकते त्यांना," वहिनी दुसऱ्याच दिवशी म्हणाली.

"वेड लागलंय का? अंगात चार घास जाऊ देत त्याच्या."

"वन्सं, मला झोप नाही."

"मला तरी कुठे आहे? पण तोंड मिटून राहा."

दिवस वाईट होते. कापणी तोंडावर आलेली. वारा असा कोरडा की ओठ फुटायचे आणि डोळ्यांत सारखी धूळ. अशा दिवसांत पूर्वी आमच्या अंगणात विळ्यांचा ढीग पडायचा, माणसं नंबर लावून बसायची. आता अंगणात पाचोळा फिरत होता. दादानं घण उचलून पाहिला. छातीपर्यंत आला आणि तिथून खाली पडला, पायाच्या अंगठ्याजवळ. वहिनीनं तो उचलून घेतला.

"तुम्ही भात्यावर बसा," ती म्हणाली.

"भात्यावर?" तो हसला. "बढती झाली म्हणायची."

"वन्सं पण बसतात. त्यांना काही कमीपणा येत नाही."

बसला बिचारा. डाव्या हातानं भाता ओढायचा. आणि वहिनी घण मारायची. तिचे हात तो पुन्हा पुन्हा बघायचा. तळवे काळेभोर, बोटं जाड झालेली, मनगटावर ठिणग्यांचे डाग. लग्न होऊन आली तेव्हा सुई धरायचे ते हात.

मग तो घरोघर जायला लागला. मी म्हटलं, नको जाऊ, लोक तोंडावर दार लावतील. त्यांनी दार लावलं नाही, ओट्यावर उभं ठेवलं, ते जास्त वाईट. मळेवाला म्हणून गावातला मोठा शेतकरी होता. त्यानं दादाला उन्हात उभं करून आधी आपलं जेवण उरकलं. मग हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "पुढारी, आमचं तुमच्याशी वैर नाही. बाहेर एक कुंडी ठेवा. मातीची चालेल. उद्या विळे पाठवतो."

हे दादानं घरी येऊन सांगितलं तेव्हा माझा पारा चढला, पण त्याच्यावरच. "मग ठेव ना एक कुंडी! कोणाचं काय बिघडतं? पलीकडच्यांनाही सवय आहे बाहेरची."

"सवय आहे हेच तर," तो म्हणाला. भांडला नाही. पूर्वीचा दादा असता तर तासभर ऐकवलं असतं. हा नुसता भिंतीला टेकला आणि डोळे मिटून बसला. मला माझीच लाज वाटली.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. भट्टीत तो सगळीकडे फिरायचा, कानशी पाहायचा, सांडशा पाहायचा. पोत्याच्या कोपऱ्याकडे कधी जायचा नाही. मी म्हटलं, नशीब आपलं.

आणि मग शहरातून वकीलसाहेब आले. चळवळीतले मोठे माणूस, बूट चकचकीत, पण मनानं चांगले. दादाला मिठी मारली, खांदा दुखतो हे ठाऊक नव्हतं, दादानं दात आवळून धरले. वकीलसाहेब भट्टीत आले, ऐरणीवर हात ठेवला आणि डोळे भरून म्हणाले, "या घरानं भूक सोसली, पण सरकारचा एक खिळासुद्धा ठोकला नाही. हे लोकांना कळायला हवं. इथेच, याच अंगणात सभा घेऊ. सत्कार करू." वहिनीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला, नाहीतर पडलाच असता.

वकीलसाहेबांचं आणखी एक म्हणणं होतं. मळेवाला त्यांचा व्याही. त्याच्याशी ते बोलले होते. टेकडीमागचा लोहार कामाखाली बुडालाय, त्याचे विळे दोन दिवसांत बोथट होतात, मळेवालाही वैतागलाय. सभेच्या निमित्तानं तो गावाचे विळे घेऊन येईल, सगळ्यांसमोर भट्टीत देईल. कुंडीचा विषयच काढणार नाही. आहे ती एकच कुंडी राहील.

म्हणजे बघा. एक खोटं गप्प राहून गिळलं की घर वर येत होतं. कापणीचं काम, चूल, पलीकडच्यांची कुंडी, सगळंच. वहिनी जेवायला बसली आणि ताट पुढे सरकवून उठली.

"एवढी सभा होऊ दे," मी तिला परसात गाठून म्हटलं. "मग सांग हवं तर."

"माझ्यासमोर म्हणतील ते खिळ्याचं. आणि मी ऐकत उभी राहू?"

"राहा. घण मारतेस दिवसभर, दोन वाक्यं सोसवत नाहीत?"

"घण सोपा आहे, वन्सं."

सभेच्या दिवशी अंगण झाडून पाणी मारलं. दुपार कलली तशी माणसं जमली. पुढे गावातले, मागे नदीपलीकडचे. दादानं मागच्यांना हात करून पुढे बोलावलं, थोडे आले, थोडे संकोचून तिथेच राहिले. कोळसेवाली आली आणि भट्टीच्या दाराशी बसली. मळेवाल्याच्या गड्यांनी विळ्यांचे भारे आणून ओट्याला लावून ठेवले. एवढं लोखंड मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. खरं सांगते, माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खाऊ बघून सुटतं तसं. जमादारही आला होता, सभेवर नजर ठेवायला. झाडाखाली उभा राहून वहिनीकडे बघून मिशीत हसत होता.

वकीलसाहेब उठले. छान बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी हार हातात घेऊन म्हणाले, "सरकारचा एक खिळासुद्धा या भट्टीत ठोकला गेला नाही!"

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती एक पाऊल पुढे आली. तोंड उघडलंच होतं तिनं.

पण दादा आधी खाकरला.

"ठोकला," तो म्हणाला. "बेड्या ठोकल्या. माझ्या बायकोनं. पुष्कळ ठोकल्या. तुम्ही विळे बंद केलेत म्हणून ठोकल्या. त्यातली एक माझ्या पायात होती. सत्कार करायचा तर हे धरून करा."

वकीलसाहेब हार तसाच धरून उभे. जमादाराचं हसू पार मावळलं. मळेवाला उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "असं आहे का! सरकारी लोहाराकडे आमचे विळे नकोत मग." वा रे वा! कालपर्यंत कुंडी बाटली म्हणून नको होते, आज बेडीमुळे नको. आणि याच माणसाचं धान्य दर साल चौकीच्या कोठारात जात होतं. गड्यांनी भारे उचलले. एकेक विळा आवाज करत गेला.

वकीलसाहेब जाताना दादाला हळूच म्हणाले, "गप्प बसला असतात तर कोणाला कळलं असतं?"

"तिला," दादा म्हणाला.

कोळसेवाली शेवटपर्यंत बसून होती. गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि दादासमोर आली. "माझ्या लेकाच्या पायात आहे ती पण हिनंच केलेली का?"

दादानं तिच्याकडे पाहिलं. "असेल तर बरं होईल, आई."

तिला काही उमगलं नाही. मलाही नाही. ती वहिनीकडे एक नजर टाकून निघून गेली.

अंगण रिकामं झालं तशी वहिनी भडकली. मी तिला एवढी चिडलेली कधी पाहिली नव्हती. "मला विचारलं होतं तुम्ही? मी बोलणार होते! माझं माझ्या तोंडानं सांगणार होते! तेवढंही ठेवलं नाहीत माझ्याकडे. तुम्ही बोलून मोकळे झालात, मोठे झालात. मी काय झाले? बेड्यावाली!"

"चुकलं माझं," दादा म्हणाला.

"आणि कधीपासून माहीत होतं? गावात कोणी चुगली केली?"

"खटल्यातच महिने गेले. मग दगड फोडायला नेलं, तिथे पहिल्याच दिवशी कळलं." तो ऐरणीच्या ओंडक्यावर बसला. "बेडी घातली. थंडगार लोखंड. मी वाट बघत होतो कधी टोचतंय. टोचेना. बोट घालून बघितलं तर आतली कड घासलेली. आपल्या घराशिवाय कोण घासतो?"

वहिनीनं पोत्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"खूप चिडलो तुझ्यावर. तुझं नाव घेतलं नाही किती दिवस. ठरवलं होतं, सुटल्यावर घरी जायचंच नाही. मामाला टाकलं तसं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "शेजारी एक जण होता, कोळसेवालीचाच मुलगा. त्याची बेडी दुसऱ्या कोणाची. महिन्याभरात घोटा सडला. रात्री कण्हायचा, मला बेडी बदलून दे म्हणायचा. पुढे बेड्या बदलल्या तेव्हा मी शिपायाच्या पाया पडलो. म्हटलं, ही त्याला घाला. घातली की नाही, बघायला मिळालं नाही. मला दुसरीकडे हलवलं. तिथे पुन्हा तुझीच आली पायात."

मला मामीची आठवण झाली, दारात उभी असलेली. दादालाही झाली असावी. "मामाकडे जायला हवं होतं मी," तो म्हणाला. एवढं बोलून खाली बघत राहिला. मी तोंडावर फडकं घेतलं आणि रडले, लपवण्यासारखं काय होतं त्यात.

वहिनी त्याच्या घोट्यांकडे बघत म्हणाली, "लागली नाही ना पायाला?"

"नाही लागली."

"दोन्ही पायांना?"

"दोन्ही."

ती मटकन खाली बसली आणि तिचं अंग गदगदायला लागलं. दादा उठला. सरळ त्या कोपऱ्यात गेला, पोतं बाजूला केलं, जसं काही रोजच करत होता. बेड्या चाचपून त्यातली एक काढून आणली आणि तिच्यासमोर ठेवली. "हिची आतली कड राहिलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार माल न्यायला आला. चेहरा पडलेला. वरून हुकूम आला होता, पुढाऱ्याच्या भट्टीत आता काम द्यायचं नाही, असेल तसा माल उचला, पुढचा टेकडीमागच्या लोहाराला. म्हणजे तेही काम गेलं. गाव गेलं, चळवळीतले गेले, सरकारही गेलं. मी मोजायचं सोडून दिलं.

"द्या बाई, आहे तसं द्या," जमादार म्हणाला.

"थांबा," वहिनी म्हणाली. "एक राहिलीय."

"अहो, कैद्याला काय फरक पडतो?"

ती मांडी घालून बसली, बेडी गुडघ्यात धरली आणि कानस आत घातली. दादानं डाव्या हातानं दुसरी बाजू दाबून धरली, हलू नये म्हणून. पुन्हा मोर्चा निघायचा होता. त्यात तो जाणार होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं आणि कोणी बोललं नव्हतं. जमादार उन्हात उभा राहून घाम पुसत होता. वहिनीनं बोट आत घालून सगळीकडून फिरवलं, एका जागी अडलं तिथे पुन्हा घासलं, मग दादाला म्हणाली, "बघा जरा, तुमचं बोट घालून."

त्यानं घातलं. "इथे थोडी," म्हणाला.

तिनं तिथे घासली. मी दारात कोळशाची पाटी बघितली, रोजच्यासारखी भरलेली, आणि आत घ्यायला उठले.